पगार आहे का, पगार

आमच्याकडे कळवणला निम्मं गाव पगार.
सासरच्या आडनावाचं मला कधी हसू आलं नव्हतं,
अंबडला कामाला लागेस्तोवर.
तिथं मस्टरवर लिहिलं:
पगार इंदुमती, अर्धवेळ.
सुपरवायझर म्हणाला, नावातच सगळं आलं, ताई.

दोन ते सहा. कॉइल गुंडाळायच्या.
तांब्याची तार, बोटांना चिरा.
शेजारच्या मशीनवर कुसुम बोरस्ते, पूर्णवेळ,
तिची तार माझ्याच रिळाची.
तिचा तास ब्याण्णव रुपयांचा,
माझा एक्कावन्न.
तिला हातमोजे. मला, "चार तासांना कशाला?"
साडेतीनचा चहा डोकी मोजून येतो, त्यात आमची डोकी नसतात.
कुसुम तिच्यातला माझ्या डब्याच्या झाकणात ओतते,
आणि आम्ही कॅमेऱ्याकडे पाठ करून पितो.

पाथर्डी फाट्याचा रिक्षावाला
कधी अर्धे घेत नाही.

शरणपूर रोडला वकीलबाई गांगुर्डे.
पुस्तक उघडून म्हणाल्या, राज्यघटना, एकोणचाळीस, घ.
सारख्या कामाला सारखं वेतन.
तिथं बाई आणि पुरुष लिहिलंय,
पण आपली वाट तिथूनच काढायची.
मी विचारलं, घ घराचा का?
म्हणाल्या, तुमच्या केसमध्ये घड्याळाचा.
आठ तासांचे मागायचे नाहीत, चाराचेच मागायचे,
फक्त कुसुमच्या तासाच्या भावानं.
एवढं तर मेथीवालीलाही कळतं:
अर्धी जुडी अर्ध्या भावात,
पाव भावात कुणी देत नाही.

कोर्टात शिपायानं पुकारा केला,
पगार आहे का, पगार!
बाकावरच्या अकराजणी फुटल्या हसून.
कासारबाई म्हणाल्या, तेच तर विचारायला आलोय, बाबा.
न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.
त्यांनाही हसू आलं असावं,
पण ते काही रोजनाम्यात उतरत नाही.

कंपनीचे वकील म्हणाले,
सकाळभर तुम्ही घरीच असता ना?
म्हणजे ही वरकमाई.
मी म्हटलं, साहेब, सकाळी सासूचं डायलिसिस असतं,
सिव्हिलला.
मशीनला ठाऊक नाही मी सकाळी कुठं होते,
तार त्याच वेगानं येते.

पुढची तारीख नोव्हेंबरातली.
कुसुम साक्षीला येईन म्हणते,
मग म्हणते, बघू.
मी जोर करत नाही. तिला दोन पोरी आहेत.

दुसऱ्या दिवशी मस्टर पाहिलं.
कोर्टाच्या तारखेपुढे लाल शाईत खाडा.
पूर्ण दिवसाचा.