बाकी बेचाळीस

पेपरात आज नकाशा आहे,
आपलं राज्य एकाच रंगात लिंपलेलं.
राष्ट्रपतिपदासाठी राज्याचा कौल, असा मथळा,
खाली बारीक अक्षरात : काही मतं फुटली, काही बाद.
आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर आमचे आमदार,
जांभळ्या शाईचं पेन आत परत देऊन
मोकळ्या हातांनी नमस्कार करताना.

वरच्या खोलीतला सुयोग सांगळे,
नांदूरशिंगोट्याचा, परीक्षेचं तिसरं वर्ष,
दुधाला खाली उतरला, म्हणाला,
बाई, एका आमदाराचं मत किती?
मी म्हटलं, एक.
तो हसला. एकशे पंच्याहत्तर.
राज्याची लोकसंख्या भागिले दोनशे अठ्ठ्याऐंशी,
पुन्हा भागिले हजार.
आणि लोकसंख्या कुठली, तर एकाहत्तरची.
तीच चालते अजून.

हातातलं पातेलं मी ओट्यावर ठेवलं.
एकाहत्तरची म्हणजे माझीच की रे.

मार्च महिना, मी बावीस वर्षांची,
म्युनिसिपालिटीच्या शाळेत लागून आठ महिने झालेले,
खांद्याला फॉर्मांची पिशवी.
तांबट आळीत शिरलं की नुसते हातोडे.
घरात माणसं किती, ओरडून विचारायचं
आणि उत्तर बोटांवर घ्यायचं.
नवऱ्याचं नाव भिंतीपलीकडून शेजारीण सांगायची.
ह्याचं वय?
पुरात कडेवर होता.
लिहिलं : दोन.

एक एप्रिलच्या सूर्योदयापर्यंतची माणसं, असा हुकूम.
मग तीन दिवस पुन्हा तीच दारं :
कोणी आलं का, कोणी गेलं का.

कासारांकडे त्याच पहाटे मुलगी झालेली.
उजाडण्याआधी की नंतर?
सुईण म्हणाली, कोंबडं आरवलं होतं,
पण आमचं कोंबडं खुळं आहे.
मी लिहिलं : एक. स्त्री. वय शून्य.

दोन दारं सोडून भागीरथीबाई वडनेरे.
तीस तारखेला नवरा गेलेला.
रेघ मारायला मी पेन टेकवलं
तर म्हणाली, राहू दे ना बाई,
सरकारला काय जड होणारे तो.
तेवढ्या एका घरात हातोडा गप्प होता.
मी पान उलटलं.

म्हणजे त्र्यंबक वडनेरे परवा मुंबईत होते.
दर खेपेला जातात.
कोणाच्या मतात, कोणत्या बाजूला,
का बाद झालेल्यात, कोण सांगणार.
मतदान गुप्त.
आणि भागीरथीबाईंना कळलं असतं
तर त्यांनी आधी विचारलं असतं,
जेवले का तिकडे.

तू कितव्या मतात रे, मी सुयोगला विचारलं.
कुठेच नाही बाई.
मी दोन हजार एकचा.
सिडको नाही, पाथर्डी फाट्याचे टॉवर नाहीत,
आमचा अख्खा क्लास नाही.
पेपरात विचारतात म्हणून पाठ आहे.

दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर
त्यानं भागाकार मांडून दाखवला.
एका आमदारामागे
एक लाख पंच्याहत्तर हजार बेचाळीस.
पाचशेच्या आतले सोडून द्यायचे, नियम आहे.
वरचे बेचाळीस त्यानं खोडले
आणि पिशवी घेऊन वर गेला.

बेचाळीस.
रात्री अंथरुणावर पडून
मी आळीचं एकेक दार वाजवत गेले.
सव्वीसपर्यंत नावं आली.
पुढे चेहरे,
पुढे फक्त ठोके, कोणाचे ते कळेना.

आणि मग एकदम आठवलं,
म्हणजे आठवेनाच,
माझा फॉर्म कोणी भरला?
तो सगळा महिना मी दुसऱ्यांच्या दारात उभी होते.
आमच्या दारात आला असेल कोणी,
विचारलं असेल, माणसं किती.
आई घरी होती.
तिला कमी ऐकू यायचं.