गोमेद

पोरगं तिसऱ्यांदा तलाठ्याच्या परीक्षेला बसणार,
म्हणून बायकोनं पाठवलं
उदगीरच्या सराफ लाईनीत.
मन्मथअप्पांनी चिमट्यात खडा धरून
ट्यूबलाइटखाली फिरवला.
"राहूचा. साडेसहा रत्ती. मधल्या बोटात."

नाव कुठून आलं, मी सहज विचारलं.
"संस्कृत आहे. गो म्हणजे गाय,
आणि मेद म्हणजे..."
अप्पा थांबले. कपाळावरचं भस्म पुसलं की काय
असं उगाच चाचपलं.
"चरबी," मी म्हणालो.
ते मजुरीचा हिशोब मांडू लागले.

माझा आजा सटवा
माळावर मेलेली ढोरं सोलायचा.
चाऱ्यावाचून गेलेलीच्या आत काही नसायचं,
नुसता पांढरा पापुद्रा.
पण एखादी पान लागून गेलेली,
भरल्या अंगाची, दुभती,
तिच्या पोटात हा रंग निघायचा.
हाच. पिवळा, जरा तांबूस,
उन्हात धरला तर पलीकडचं बोट दिसेल असा.
आजा तो डालड्याच्या डब्यात साठवायचा,
गावाच्या मोटांना चोळायला.
गाव मोटेचं पाणी प्यायचं,
डब्याला शिवायचं नाही.

पोथीत हे नाव नंतर गेलं असणार.
आधी कुणीतरी
कोपरापर्यंत हात घालून
गाय आतून पाहिली होती,
आणि ओढ्यात चमकलेला खडा उचलून
शेजारच्याला म्हणाला होता,
अरे, हे तर तसंच.

"पावतीवर नाव काय टाकू?"
मी आजाचं सांगितलं.
अप्पांनी लिहिलं. पेन उचललं नाही.
"आणि आडनाव?"