छत्तीस नंबरची दाढ

बांबोळीच्या प्रयोगशाळेत एसी जरा जास्तच गार असतो
आणि कॉन्फोकलच्या खोलीत दिवा लावायचा नसतो.
अंधारात बसून मी एका दाढेत उतरते.

आगशीच्या कायतान बारेतोंची दाढ,
खालची, डावी, आमच्या हिशेबात छत्तीस नंबर.
दोन वर्षं तिच्याशी त्यांचा छत्तीसचाच आकडा.
लवंग झाली, फेणीत भिजवलेला कापूस झाला,
गोळ्यांचे तीन कोर्स झाले.
सूज ओसरायची
आणि अमावास्येच्या भरतीसारखी परत यायची.
शेवटी उपटली.

मी ती उभी चिरली,
हिरव्या-लाल रंगात बुडवली.
हिरवे ते जिवंत, लाल ते मेलेले.
लेन्सवर तेलाचा एक थेंब,
मग लेसर थरामागून थर उतरत गेला,
तवशाच्या चकत्या कराव्यात तसा,
फक्त सुरी न लावता.
मुळाच्या नळीत लाल पापुद्रा,
त्याखाली हिरवं. गच्च. शहाणं.
मधून काळ्या रेघा, त्या पाण्याच्या वाटा.
प्रबंधात लिहायचं: बायोफिल्म, जाडी बेचाळीस मायक्रॉन.
तेवढंच.

शुक्रवारी कायतान टाके काढायला आले.
"म्हजी दाड दी गो बाय."
तिचे दोन तुकडे झालेत हे कसं सांगावं?
मी त्यांना पडद्यासमोर बसवलं.
चष्मा शर्टाला पुसून ते बघत राहिले, बराच वेळ,
मग काळ्या रेघेवर बोट ठेवलं:
"हें आमचें खाजन न्हय?"

हा बांध. ही पोंय. इथून पाणी आत, इथून बाहेर.
तुमच्या गोळ्या बांधावरच आपटून मेल्या, म्हणाले.
झुवारीच्या काठी त्यांच्या बापानं चिखल थापला होता,
रात्री, कंदील धरून, गावाबरोबर.
तो बांध फुटला त्याला अकरा वर्षं झाली.
ठराव आहे ग्रामसभेचा.
शेतात आता कांदळ उगवलंय.

"पूण ह्यांचो मानशेकार कोण?"
मानशीचं दार उघडणारा, झाकणारा,
भरती ज्याला झोपेतही कळते तो.
कुणीच नाही, मी म्हटलं.
एकमेकांकडे रसायनं सोडतात,
पुरेसे जमले की सगळ्यांना कळतं.
"पुरेसे म्हणजे किती?"
हाच प्रश्न तोंडी परीक्षेत येणार आहे
आणि मी तिथंही अशीच अडखळणार आहे.

ते उठले. जिभेनं रिकामी जागा चाचपत
दारापर्यंत गेले, वळले.
"कामाचीं आसात पळय," म्हणाले,
चोराचं कौतुक करावं तसं.

नंतर फाइलला नाव द्यायचं होतं.
नियमाप्रमाणे रुग्णक्रमांक, दात, तारीख.
मी 'आगशी' लिहिलं.
सर विचारतील तेव्हा बघू.