मागची बाजू

मिस्किटांनी त्याला चित्र दिलं होतं
बिस्किटाच्या डब्याच्या झाकणावरचं:
उतरतं छप्पर, लाकडी सज्जा,
कुठल्याशा थंड गावातलं घर.
झाकणावर घराची पुढचीच बाजू.

बाबल मेस्त्रीने ती बोटांनी मोजली,
गजाने वाढवली,
आणि माथारपाखाडीत सागवानात उभी केली.
झालरीवरचं फूल कुठलं, चित्रात उमगेना.
त्याने सुरंगी कोरली.

पण मागे काय असतं अशा घराला?
विचारायचं कोणाला?
मागे त्याने पडवी काढली, राजापुराकडे असते तशी,
बसक्या वाशांची, पाट्याला जागा ठेवून.
मिस्किटीण म्हणे घरभर सोडून तिथेच बसायची,
मे महिन्यात बाटलीचा मसाला कुटत.

आता मी आलोय, जिना काढायला.
तिसऱ्या पायरीला वाळवी आहे.
आर्किटेक्ट बाई वही उघडून विचारतात,
ही शैली नेमकी कुठली?

मी पटाशीने सांधा उकलतो.
कूस दोन सूत आखूड पडलेली.
कापताना चुकला होता बाबल,
आणि फट भरायला ठोकलेली एक पाचर,
सागाची नाही, फणसाची,
अजून पिवळी.

लिहा, मी म्हणतो,
पुढून डबा, मागून राजापूर.
बाई हसतात, लिहीत नाहीत.

सगळी पायरी नवी घालतो.
पाचर तेवढी पुसून
होती तिथे परत.