फुटाला एक सूत

उद्यमनगरात, लेथच्या दुकानावरच्या माळ्यावर आमचं ऑफिस.
खाली लोखंड सोलतात, वर आम्ही बटणं करतो.
सध्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याचं ॲप:
एक बटण बोली लावायला, एक मागे घ्यायला,
एक, रवा वजनात कमी भरला तर बोंब मारायला.

सुकन्या चौगुलेचं बटण एकच, पण सगळ्यांचं ऐकणारं.
रंग सांगा, रुंदी सांगा,
चिन्ह डावीकडे, नाहीतर उजवीकडे,
लहान पडद्यावर अक्षरं लपव म्हणा, लपवतं.
सोमवारी मोजले, तेवीस प्रॉप्स.
"सगळं एका जागी," ती म्हणते, "गल्ल्या शोधत हिंडायला नको."
खरंय.
फक्त अठरावा खरा आणि एकविसावा खोटा असला
की बटणाची वाचा बसते,
आणि का, ते फाईल वरपासून वाचल्याशिवाय
तिलाही सांगता येत नाही.

अझर मुजावर बटण करतच नाही.
तो रिकामी चौकट देतो.
अक्षरांचा तुकडा निराळा, चिन्हाचा निराळा,
दाबल्यावर काय व्हायचं ते तिसऱ्याच फाईलमध्ये.
"जोडून घ्या की हवं तसं."
हुपरीहून येणाऱ्या प्रणीलनं जोडलं,
सातातला एक तुकडा विसरला.
बटण छान उमटलं, दाबलंही गेलं.
बोली कुठंच पोचली नाही.

दोघं भांडले, चहावर साय धरेपर्यंत.
मला दोघांचंही पटत होतं, हीच पंचाईत.

रात्री अण्णांना स्क्रीन दाखवली.
अडतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्न केलेला माणूस,
अजून सागवानाची ढलपी हुंगून बघतो.
बराच वेळ बघून म्हणाले,
"नग किती ओतायचेत?
एकच असंल तर लाकूड कशाला नासतीस?
आणि लई असतील तर कोर सुटा ठेव, अडकतोय."
मग चष्मा पुसत,
"आकसायला जागा सोडलीस न्हवं?
बीड गार झालं की फुटाला एक सूत आत जातंय.
कागदावरच्या मापाचा पॅटर्न केला
की माल लहानच निघतोय."

सकाळी यार्डात गेले.
दत्तोबा अडत्या रवा फोडून चाखत होते,
फोन दुसऱ्या हातात.
अंगठ्याला गूळ. अंगठा केवढा!
बोली लावताना तीनदा
शेजारचं 'मागे घ्या' दाबलं गेलं.
आम्ही तिघांनीही माप घेतलं होतं
आपापल्या बोटांचं, एसीत, धुतलेल्या.

ऑफिसात येऊन बटण वाढवलं.
सुकन्याच्या फाईलमध्ये तो चोविसावा प्रॉप झाला.
अझरच्या तुकड्यांत अकरा जागी हात घालावा लागला.
दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आता बोल, अशा नजरेनं.

खाली लेथ सुरू झाली होती.
मी कीबोर्डावरचा गूळ पुसत होते.