सालीचं तेल

कळमन्यात सडका माल वेगळा काढतात,
तिथून दोन पोती संत्र्याची सालं आणली.
शेडमधल्या भट्टीवर दुपारभर वाफ धरली
तेव्हा हाती आलं एवढंसं,
चहाच्या दोन कपांत मावेल इतकं,
पिवळसर, डोळ्यांत झोंबणारं.

पाण्यात मिसळत नाही ते, साबण लागतो थोडा.
ऊन चढल्यावर पंप पाठीला लावला
आणि धुऱ्यावरच्या गाजरगवतावर मारलं.
सांजेपर्यंत पानं करपली
फोडणीतल्या कढीपत्त्यासारखी.
जेवताना भाकरीलाही संत्र्याचा वास.

भागरथा कोहळे बघत होती उभी राहून.
अठरा हंगाम तिनं हे वावर निंदलं.
"मंग आता माह्या खुरप्याचं काय?"
मी पंपाचा पट्टा सारखा करत राहिलो.

पाचव्या दिवशी लव्हाळा परत वर.
पात टोकदार, हिरवीगार,
जसं काही झालंच नाही.

भागरथानं खुरपं खोल घातलं,
एक काळी गाठ काढली, नखानं सोलली,
माझ्या नाकाशी धरली.
"पाय हुंगून."

उटणं.
दिवाळीच्या पहाटेचं, थंडीत अंगाला खरखरणारं.

"तुह्या भट्टीच्या आंधी यानं काढून ठेवलं तेल,
मातीखाली, कोणाले न सांगता."

दुसऱ्या दिवसापासून
पुढे मी, पंप घेऊन,
मागे ती, टोपलीत गाठी वेचत.
संध्याकाळी रोजीच्या वहीत तिचं नाव लिहिताना
बोटं हुंगली.
कोणी कोणाला मारलं,
वासावरून काही सांगता येईना.