चार बोटं वर

ताहेर मुकादम, मंडणगडकडचे.
काम : छतातले डक्ट बसवणं.
समोरच्या स्टुलावर बसले,
डाव्या खिशातलं पाकीट उजव्या हाताने काढलं,
तेवढ्यावरून मला अर्जाचा विषय कळला.

मनामातल्या या टायपिंग सेंटरात
माझा रोजचा धंदा माणसाचं बोलणं अरबीत बसवायचा,
पानाला दोन दिनार, शिक्क्याचे वेगळे.

"कॅम्पात रांग होती, साडेतीनशे माणसं.
नर्स उभी, मी बसलेला.
बाही वर केली नाय, कॉलरच खाली ओढली,
आणि सुई गेली
जिथं जायची त्याच्या चार बोटं वर, पार सांध्यात.
लशीला नाव नको ठेवू हां बाय.
लस चांगलीच. सुई चुकली, एवढंच लिही."

लिहिलं.

पुढचा रकाना : त्रासाचं स्वरूप.
पहिले आठ दिवस नुसता ठणका, ते म्हणाले.
मग कळ, कोपरापर्यंत उतरणारी.
शर्ट घालताना चमक. कुशीवर झोपलं की रग.
आता काय, हात भरून येतो, जडशीळ,
दुसऱ्या कुणाचा लावल्यासारखा.

मी पाच वेळा एकच शब्द टाइप केला : अलम.
आणखी असतील त्या भाषेत, मला येतात ते सरकारी.
आपल्याकडे आलम म्हणजे दुनिया,
असं मनात आलं, आणि पुढच्या रकान्यावर गेले.

मेडिकल कमिटीने कोन मोजलाय : साठ अंश.
नुकसान : सात टक्के.
"सात टक्क्यांसाठी छत लांब गेलं," ते हसले.
"नमाजाला एक हात कानाशी, एक छातीशी.
अल्ला चालवून घेतो. फोरमन नाय घेत."
हे घालू का, विचारलं.
नको म्हणाले. मग म्हणाले, घाल.

सुनावणी चौदा तारखेला.
व्हिसा नऊला संपतो.
दोन्ही आकडे मी एकाखाली एक ठेवले, ठळक,
कुणाच्या तरी नजरेत यावेत म्हणून.

तीन प्रती. शिक्का.
सहीचा हात शाबूत.
जाताना काचेचं दार त्यांनी पाठीने ढकललं.

आमच्या कॉपीच्या समासात मी पेन्सिलने
ठणका लिहिलं, देवनागरीत,
आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं कार्ड
स्कॅनरवर पालथं घातलं.